मामाचा पहिला घास

साताऱ्यातल्या लग्नांत हल्ली पंगतीला सगळ्यात आधी कोशिंबीर संपते. जिलबी पानात तशीच पडून राहते आणि कोबीची पचडी घेऊन वाढपी आला की जाणती माणसंसुद्धा पोरांसारखी हात पुढे करतात. ही सगळी मितजंतूची कृपा.

दिगंबर राऊतचं तर पेढ्यांचं दुकान. पूर्वी तो स्कूटरवर बसला की लोकांना स्कूटरची कीव यायची. डाएट त्यानं सगळे करून पाहिले. दिवसभर घासाघासाच्या कॅलरी मोजायच्या आणि संध्याकाळी त्या मोजणीचा राग पेढ्यांवर काढायचा, असा त्याचा क्रम होता. शेवटी त्यानं मितजंतूची कॅप्सूल घेतली. मितजंतू म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला आणि आतड्यात कायमचा मुक्काम ठोकणारा जिवाणू. पोटात येणाऱ्या कॅलरी तोच मोजतो. ठरलेली मर्यादा आली की पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतून तो 'पुरे' असा निरोप धाडतो. त्याचं स्वतःचं अन्न म्हणजे कच्च्या भाज्यांचा चोथा, म्हणून माणसानं काकडी खाल्ली की तो खूश होऊन आनंदाचाही निरोप पाठवतो. दिगंबर मुळ्याच्या चकत्या डोळे मिटून खाऊ लागला. वजन उतरलं, गुडघे दुखायचे थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आरशात बघायला आवडू लागलं.

आज तो हा जिवाणू घडवणाऱ्या डॉ. इनामदारांसमोर बसला होता. शेजारी त्याची धाकटी बहीण हर्षदा, आणि तिच्या मांडीवर सात महिन्यांची रेवा. रेवाचे गाल आत गेले होते. कितीतरी दिवस ती दुधाचे दोन घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची. ती रडतही नव्हती, आणि हेच भयंकर होतं. उपाशी पोर तृप्त दिसत होतं.

"हिच्या पोटात मितजंतू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तो तुमचा आहे, दिगंबरराव. प्रत्येकाचा जंतू त्याच्या त्याच्या शरीराला जुळवून केलेला असतो, म्हणून ओळखता येतो. तुमच्या तोंडातलं हिच्या तोंडात कधी गेलं होतं का?"

"छे हो! मी कशाला हिला उष्टं..." बोलता बोलता दिगंबर थांबला.

रेवाचं उष्टावण. मामानं सोन्याची अंगठी खिरीत बुडवून भाचीच्या जिभेला लावायची होती. त्यानं ती आधी स्वतःच्या जिभेला लावली होती. चाखल्याशिवाय माल पुढे द्यायचा नाही, ही हलवायाची सवय. साखर बेताची आहे असं बघून त्यानं अंगठी पुन्हा खिरीत बुडवली होती, आणि सगळे कौतुकानं हसले होते.

"मग औषधानं मारा ना तो जंतू," हर्षदा म्हणाली.

"देऊन पाहिलं. आणखी वाढवलं तर हिच्या पोटातले चांगले जिवाणूही मरतील, आणि ते या एवढ्याशा जिवाला झेपणार नाही. मोठ्या माणसाच्या आतड्यात गर्दी असते, तिथे मितजंतू आपल्या पायरीनं राहतो. हिचं आतडं म्हणजे मोकळं रान. ते त्यानं बळकावलंय. नळीनं दूध घातलं तरी ती उलटून टाकतेय."

त्यांनी खणातून एक करडी गोळी काढली. "यात मितजंतूला खाणारा विषाणू आहे. पण तो तुमच्या जंतूवर, तुमच्याच पोटात पोसला गेला तरच तिथून काढून हिला देता येईल. काचेच्या नळीत तो तयार होत नाही. तुमचा जंतू मात्र कायमचा जाईल, आणि तुमचं शरीर तो पुन्हा रुजू देणार नाही."

"म्हणजे दादा परत..." हर्षदा चाचरली.

"अगं, त्यात विचार कसला? होऊ दे मला परत पिंप! आणा ती गोळी." दिगंबर हे अगदी मनापासून बोलला. रेवावर त्याचा जीव होता.

"तुमच्या संमतीशिवाय मला देता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता घ्या. लगेच."

त्यानं गोळी उचलली. ओठांपाशी नेली आणि पोटातून एक गोड जडपणा वर आला, सणाचं जेवण झाल्यावर येतो तसा.

"उपाशीपोटी चालेल ना?"

"चालेल."

"नाही, म्हणजे दुकान उघडं टाकून आलोय. कुलूप लावून येतो, मग निवांत घेतो."

"दादा!"

"अगं, चिडतेस काय? कोल्हापुरात एकदा दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवू. या वयात पोरं दूध टाकतातच." आपण शहाण्यासारखं बोलतोय असंच त्याला वाटत होतं.

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "हे तुम्ही बोलत नाही आहात. आम्ही मितजंतूला फक्त मोजायला शिकवलं होतं. ज्यानं आपण मरू त्यालाही 'पुरे' म्हणायचं, हे तो स्वतःच शिकला. आधीच्या काही माणसांचंही असंच झालं."

"मग त्यांनी गोळी घेतली का?"

डॉक्टरांनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

घशाशी आलेली नवी सबब दिगंबरनं कशीबशी गिळली. "मी घेणार," तो मोठ्यानं म्हणाला. "माझी भाची आहे ती. माझ्यामुळे झालंय हे." त्यानं हात तोंडाशी नेला. दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

हर्षदानं रेवाच्या ओठांना दुधाचा चमचा लावला. रेवानं न रडता, अगदी समाधानानं मान डावीकडे वळवली. हर्षदानं चमचा ठेवला, डोळे पुसले आणि भावाच्या तळहातावरची गोळी उचलून त्याच्या ओठांशी धरली.

"घे ना रे, दादा."

हो म्हणायला त्यानं तोंड उघडलं. त्याची मान अगदी समाधानानं डावीकडे वळली.