उजवीकडची जागा

कांताआत्याच्या उजव्या हाताला कोणी बसायचं नाही, हा यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या त्या घराचा नियम. जेवताना नाही, टीव्ही बघताना नाही, ऑटोतही नाही. काहून, ते विचारायचं नाही. दीपाने लहानपणी एकदा विचारलं, तर बाबांनी, म्हणजे नागोरावांनी, तिला भरल्या ताटावरून उठवलं होतं. आत्याने लग्न केलं नाही, ती यवतमाळच्या बाहेर कधी पडली नाही. त्याबद्दलही कोणी बोलत नसे.

अशा घरातली, पदवी घेतलेली दीपा. पुण्याच्या नोकरीवर रुजू होण्याआधी एकटीने भटकून यायचं म्हणून भांडून निघाली आणि पाठीवर सॅक टाकून मलेशियातल्या जॉर्जटाउनला पोहोचली, तेव्हा तिला वाटलं, सुटले. एकाच रस्त्यावर मशिदीची बांग, मारिअम्मन देवीची घंटा आणि चिनी देवळातला उदबत्त्यांचा धूर. कोण तू, कोणाची, एकटी कशाला, असं कोणी विचारत नव्हतं.

ते दिवस चिनी लोकांच्या पितरांचे होते. सांजेला एका गल्लीच्या तोंडाशी मांडवात रंगवलेल्या चेहऱ्यांचं नाटक चाललं होतं. मागे माणसं दाटीने उभी, आणि लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांची पहिली रांग अख्खी मोकळी. हवेत जळलेल्या कागदाचा वास. दिवसभर चालून दीपाचे पाय भरून आले होते. ती पुढे निघाली तसा कोपऱ्यावरचा तमिळ चहावाला सिनेमातल्या हिंदीत म्हणाला, "दीदी, उधर नहीं. वो मेहमानों का है."

"कौन मेहमान?"

त्याने खाली बघून चहा गाळायला घेतला. शेजारच्या चिनी आजीने नुसताच हात हलवला.

दीपाच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा समुद्र ओलांडला, तर इथेही तेच. सांगणार काही नाही, नुसतं नाही म्हणणार. ती तरातरा गेली आणि मधल्या खुर्चीत बसली.

काही झालं नाही. फक्त रंगमंचावरची राणी गाता गाता थांबली आणि तिच्याकडे बघून वाकली. मग जराशी वळून, तिच्या उजवीकडच्या खुर्चीकडे बघून वाकली.

त्यानंतर तिच्या शेजारी कोणी बसेना. हॉस्टेलच्या बाकावर नाही, तिथल्या भरल्या बसमध्येही नाही. दीपाला आधी बरं वाटलं, मग चीड येऊ लागली. परतताना नागपूरहून निघालेली एसटी दारापर्यंत भरली होती. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई तिच्याच सीटला टेकून उभी होती.

"बसा ना ताई, जागा आहे."

बाईने सीटकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "राहू द्या… झोपल्या हायेत त्या."

दीपा खिडकीला चिकटून बसली. कळंब मागे पडलं तरी तिने उजवीकडे बघितलं नाही. जळलेल्या कागदाचा वास मात्र येत राहिला.

घरी दार आत्याने उघडलं. दीपा आत आली तरी ती दार धरून उभीच, आणखी कोणी आत यायचं असल्यासारखी. मग तिने हळूच कडी लावली. स्वयंपाकघरातून आई आली, आणि तिच्या तोंडचं "आली का वं" अर्ध्यावरच राहिलं.

दुपारी सगळे जेवायला बसले. दीपाच्या उजवीकडे आईने एक जास्तीचं ताट मांडलं होतं. भाकर, वांग्याची भाजी, वरण.

"हे कोणाचं?"

"तू जेव," बाबा म्हणाले. "अन् पुन्याले फोन करून सांग, नोकरीवर येत नाही म्हनून."

"काहून?"

"काहून नाही. नाही म्हंजे नाही."

"सोमवारी रुजू व्हायचं आहे मले, बाबा. किती जागी मुलाखती देत फिरली मी, माहीत आहे ना तुमाले?"

"घरात राह्यलं का गप बसते ते," आत्या ताटाकडे बघत पुटपुटली. "बाहेर गेलं का… मंग लोकायले दिसते."

"कोण दिसते? आत्या, तू कुठं बसली होती? सांग ना मले."

आत्याने पदर तोंडाला लावला.

"कांते, गप," बाबा म्हणाले.

"तिले गप, मले गप. तिले जन्मभर घरात कोंडलं, आता माह्यी पाळी? मी नाही राहत. उद्या पहिल्या गाडीनं चालली मी." दीपा उठली, आपलं ताट उचललं आणि थेट आत्याच्या उजवीकडे जाऊन बसली. "घ्या. बसली. पाहू काय होते तर."

बाबांचा घास हातातच राहिला. दीपाला खालची फरशी गरम लागली, कोणी आत्ताच तिथून उठून गेल्यासारखी. बाजूला आत्याचे खांदे एकदम सैल पडले.

दीपाकडे कोणी बघतच नव्हतं. तिघंही समोर, ती सोडून आलेल्या जागेकडे बघत होते. मग आईने मुकाट्याने आणखी एक ताट घेतलं, त्यात भाकर वाढली आणि त्या जास्तीच्या ताटाला लागून मांडलं. बाबांनी सरकून दुसऱ्या पाहुण्याला जागा करून दिली.