साठ पायऱ्या

डायालिसिसच्या दालनात पाच खाटांवर रक्तशुद्धी चालली होती, आणि पाचव्या खाटेवर सरूबाई गुरव डोंगर चढत होत्या. सुया टोचलेला डावा हात निश्चल, डोळ्यांवर आभासी डोंगर दाखवणारे आभासनेत्र, पावलांखाली वर-खाली होणारे चढयंत्र.

तीस वर्षे त्यांनी फुलांची पाटी डोक्यावर घेऊन मेघाईदेवीचा डोंगर चढला होता. आता दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. धाकटी बहीण गिरजा आपले एक द्यावयास सिद्ध होती. परंतु सरूबाईंचे हृदय शस्त्रक्रिया सोसेल याची खात्री शल्यचिकित्सकांना हवी होती. त्यांची अट एकच : रुग्णालयाच्या जिन्याच्या साठ पायऱ्या न थांबता चढायच्या. तीन महिन्यांपूर्वी दहा पायऱ्यांतच त्यांना धाप लागली होती.

“थकवा प्रथम डोळ्यांना येतो,” अभियंता शौनक बिडवे डॉक्टर उपासनींना सांगत होता. “चढ उभा दिसला की मेंदू स्नायूंना आधीच आवरते घ्यायला लावतो. म्हणून मी मावशींना सौम्य पायऱ्या दाखवतो आणि पावलांवर भार दुप्पट ठेवतो. शिवाय पाय हलले की स्नायूंत साठलेली मलद्रव्ये रक्तात उतरतात. यंत्र तीही गाळून काढते.”

“आणि उद्या जिना सौम्य कोण दाखवणार?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

शौनक चढयंत्राचा भार पुन्हा तपासू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूबाईंनी जिन्याकडे वर पाहिले, आणि पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांचा श्वास जलद झाला. शौनकचा चेहरा उतरला. सरूबाईंनी मात्र शांतपणे एक पंचा मागितला, त्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली आणि आभासनेत्राची रिकामी पेटी तीवर चढवली. शल्यचिकित्सकांनी भुवया उंचावल्या.

“अटीत डोक्याचा उल्लेख नाही,” उपासनी म्हणाल्या.

मान ताठ, दृष्टी समोर. वीस, चाळीस, पन्नास! शौनक श्वास रोखून मागोमाग चढत होता. साठाव्या पायरीवर शल्यचिकित्सकांनी नाडी पाहिली आणि प्रसन्नपणे मान डोलावली.

शौनकने तिथेच आभासनेत्राने नोंदवलेला नजरेचा दृष्टिलेख उघडला. गेल्या छत्तीस सत्रांत सरूबाईंची नजर एकदाही पायऱ्यांवर गेली नव्हती. ती सदैव आभासी शिखरावरच्या ध्वजावर होती. त्याचा सौम्य चढ कुणी पाहिलाच नव्हता.

“मावशी, भार दुप्पट होता. जाणवला नाही?”

“पहिल्याच दिवशी जाणवला. म्हटलं, यंत्रातली मेघाई जरा कडक दिसते.”

“मग खाली का पाहिलं नाहीत?”

“मेघाईच्या वाटेवर पाटी डोक्यावरच असते. खाली बघतात होय रे? फुलं सांडतील.”

उपासनी मनापासून हसल्या. शौनकच्या सात वर्षांच्या संशोधनाने डोळ्यांना फसवण्याची युक्ती शोधली होती. या बाईंनी चढताना ते डोळे जन्मभर पायऱ्यांकडे वळूच दिले नव्हते. उपासनींनी शौनकला उरलेल्या चार खाटांसाठी चुंबळी करावयास सांगितले.

“आधी ही पेटी उतरव,” सरूबाई म्हणाल्या, “आणि गिरजाला कळव, मी वर पोचले.”