न दिलेला होकार

“टाचण्या ओठांत धरायच्या. हात मोकळे राहतात, आणि तोंडही आपोआप बंद राहतं!”

शिवण शिकवताना मावशीनं अगदी पहिल्या दिवशी सांगितलेलं हे वाक्य. मावशी देवाघरी जाऊन बराच काळ लोटला. पण तिचं शिलाईचं दुकान चालवणाऱ्या भाचीच्या ओठांत सकाळी ज्या टाचण्या बसत, त्या जेवणाच्या डब्यालाच निघत. त्यांच्या आडूनच ती गिऱ्हाइकांशी बोले. सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

त्या दिवशी ती एका झग्याचा घेर टाचत होती. कुणीतरी निळ्या कापडाची भली मोठी गुंडाळी समोर आणून ठेवली. समोरच्या गाळ्यात नवीनच आलेला खुर्चीवाला – जुन्या खुर्च्या, सोफे नव्यानं मढवून देणारा.

“काय शिवायचंय?” तिनं टाचण्यांआडून विचारलं.

तो नुसता तिच्या ओठांकडे बघत राहिला.

तिनं पुन्हा विचारलं. तो आणखी थोडा वाकला... आणि नजर तिथंच!

तिची कानशिलं तापली. एकेक टाचणी काढून तिनं मनगटावरच्या इवल्या उशीत खुपसली आणि ती कडाडली, “काय हो, लाजलज्जा काही आहे की नाही? असं टक लावून काय बघताय?”

त्याचा चेहरा एकदम उजळला. “आता कळलं!” आवाज घोगरा, जरा वरखाली होणारा. “मला ऐकू येत नाही. ओठ बघून समजतं. मघाशी टाचण्या होत्या – म्हणून...”

धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं तिला.

“आणि लाजलज्जा आहे,” तो गालातल्या गालात हसत म्हणाला. “थोडी.”

त्यानंतर खुर्च्यांच्या खोळी रोजच शिवायला येऊ लागल्या. इतक्या, की शेजारचा चष्मेवाला म्हणाला, “सगळ्या गावाला एकदम बसायची हौस आली की काय?” तो उंबऱ्यात दिसला की ती टाचण्या काढून ठेवी. तो तिला ‘टाचणी’च म्हणायला लागला.

“टोचते म्हणून?” एकदा तिनं भुवई उडवून विचारलं.

“नाही. सुटं असेल ते जोडून धरते म्हणून.”

पुढचं भांडण ती विसरूनच गेली.

त्याला काम करताना बघणं हा एक आनंद होता. मोडकी खुर्ची तो आधी हातानं चाचपे, तळवा टेकवून तिची कुरकुर समजून घेई, मग हळूच एक खिळा... जणू म्हाताऱ्या माणसाची विचारपूस चाललीय. आणि त्याच्या येण्यानं गाळ्यांची ती सगळी रांगच बदलली. चष्मेवाला हाक मारण्याऐवजी दिवा उघडझाप करू लागला. झेरॉक्सवाल्या काकू बोलताना उजेडात उभ्या राहू लागल्या. चहाच्या वेळी सगळे एकदम बोलायचे, ते एकानंतर एक बोलू लागले. एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय लागल्यावर पूर्वीसारखी भांडणंही होईनात! एखाद्याच्या पायगुणानं जागा पवित्र होते म्हणतात, ती अशीच होत असावी.

संध्याकाळी दोघं बरोबर घरी निघत. एकदा पावसाची भुरभुर होती, छत्री एकच. पण शेजारी चालून त्याला तिचे ओठ दिसेनात. मग तो सरळ पुढं झाला आणि वळून, तिच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालू लागला. भिजत.

“अहो, खांब!”

तो चुकवून हसला. “बोलत राहा. तू गप्प झालीस की मला रस्ता दिसत नाही.”

“रस्ता तसाही दिसत नाहीये तुला. मागं आहे तो.”

“मग तूच बघ की, माझ्या वाटणीचा.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. ती मात्र त्या दिवसापासून त्याच्या वाटणीचा रस्ता बघू लागली.

लग्नाचं दोघांचं ठरलं. प्रश्न होता तो बाबांचा. बाबा बसस्थानकावर गाड्या पुकारायचे. जन्मभर आवाजावर जगलेला माणूस! आणि त्यांची मिशी... वरच्या ओठावरून ओघळून खालचाही झाकणारी. आई म्हणे, “मी लग्न माणसाशी केलं, ही आंदण आली.”

त्याला ऐकू येत नाही, हे तिनं घरात आधीच सांगितलं होतं. रविवारी तो घरी आला. बाबांनी त्याला समोर बसवलं आणि लेकीला फर्मावलं, “तू चहा टाक. आमचं आम्हाला बोलू दे.”

ती स्वयंपाकघरात गेली. बाबांचे ओठ आपण स्वतः कधी पाहिलेत का, हा विचार तिच्या मनातही आला नाही. तिनं जन्मभर बाबांना ऐकलंच होतं!

“माझ्या मुलीला सुखात ठेवशील?” भिंती हादरल्या. पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं. आधणाला उकळी आली, चहापूड टाकायची राहूनच गेली.

“माफ करा,” शेवटी त्याचा आवाज आला. “मला कळत नाहीये.”

“अख्ख्या स्थानकाला कळायचं!” बाबा उठलेच. ती बाहेर आली तेव्हा तिला म्हणाले, “पोरी, मुलगा गुणी असेल. पण साधी मान हलवली नाही त्यानं. घरात मी काही बोलायचं, तर भिंतीशी बोलू? नाही जमायचं हे.”

तो निघाला. ती जिन्यात धावली, त्याची बाही धरून त्याला वळवलं. डोळे भरले होते.

“मिशी... ओठ दिसले नाहीत ना? माझीच चूक. पण बाबा काय विचारणार, अंदाज तर आला होता?”

“आला होता.”

“मग मान हलवायची होतीस! काय बिघडलं असतं?”

तो म्हणाला, “लहानपणापासून न कळता हसलोय मी. न कळता माना डोलावल्यात. लोकांचा खोळंबा नको म्हणून. पण तुझ्याबद्दल कुणी विचारलं, तर त्यातला शब्द न् शब्द मला कळायला हवा. मगच ‘हो’ म्हणेन... आणि ते जन्मभरासाठी असेल.”

आपला आवाज किती चढला, ते त्याला कसं कळणार? सगळ्या जिन्यानं ते ऐकलं. वरच्या दारात बाबा उभे होते, त्यांनीही.

“बाबा,” ती म्हणाली, “मी बसते ना मध्ये. तुम्ही विचारा, मी सांगते त्याला.”

“नको.” बाबांचा आवाज प्रथमच इतका खाली आला होता. “बापाचा प्रश्न बापानंच विचारायचा असतो. पुढच्या रविवारी ये म्हणावं. त्याला कळेल असा विचारीन. शब्द देतो.”

तिनं ते त्याला सांगितलं, अगदी सावकाश. त्यानं यावेळी मान हलवली.

आठवडाभर बाबा गप्प गप्पच होते. रविवारी ती उठली, तेव्हा ते आरशासमोर उभे होते. मिशीचं टोक बोटांत धरून बराच वेळ. मग त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

“एवढ्या सकाळी कुठं निघालात?” आईनं विचारलं.

“आलोच,” ते पुटपुटले.

ती खिडकीशी गेली. कोपऱ्यावर सलूनवाला नुकतंच शटर वर करत होता. बाबा मधेच थांबले, ओठांवरून एकदा हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं... आणि कुणाला न पुकारता, मान खाली घालून, त्या शटरच्या दिशेनं चालू लागले.