विहिरीतली ओ

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण इराणातल्या मस्जिद सुलेमानमध्ये ज्या दुपारी ती घडली, त्या दुपारनंतर माझ्या मामाला कधी धड झोप लागली नाही.

तीर महिना, ऐन उन्हाळ्याचा. भर दुपार. उन्हानं गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

मामाचं नाव कियुमर्स. तो आणि माझे बाबा, अलीमुराद, एकाच कंपनीत. मी तेव्हा आईच्या पोटात होतो. आमचं तेलक्षेत्र म्हातारं झालेलं. खडकात अजून किती तेल उरलंय, किती जोर उरलाय, हे बंद पडलेल्या विहिरींत तारेनं मापयंत्र सोडून बघायचं आणि मग नव्या विहिरी खोदायच्या, असं ठरलं होतं.

त्या दिवशीची विहीर जुन्या बाजारामागची. तिच्या तोंडाभोवती पुरुषभर खोल खड्डा. झडप उघडायला बाबा शिडीनं आत उतरले. विषारी वायूसाठीचा मास्क गळ्यात लोंबत होता.

"दाजी, मास्क लावा!"

"अरे, घामानं आधीच जीव गेलाय. तुझ्या बहिणीचा स्वयंपाक पचवला मी, हा वायू काय करणार?"

मामा लांब, गाडीवरच्या तारेच्या चाकाशी. तिथून खड्ड्याचा तळ दिसत नव्हता. म्हणून नियम एकच... वरच्यानं हाक मारत राहायची, खालच्यानं ओ द्यायची.

"दाजी!"

"ओ!"

तार सुटत गेली. हाक... ओ. हाक... ओ.

मग मामाच्या लक्षात आलं...

वास येत नव्हता.

सडक्या अंड्यांचा तो वास आमच्या गावात जन्मापासून नाकात असतो. पण हा वायू फार वाढला की आधी नाक मरतं, मग माणूस.

मामा ओरडला.

"दाजी! वर या!"

"येतोय रे मेहुण्या... तू खाली येऊ नकोस."

आवाज नेहमीचाच. हसरा.

मामानं वायरलेसवर मदत मागितली. दुसरा मास्क नव्हता, आणि मास्कशिवाय वाचवायला उतरलेला माणूसही वर येत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. तो नुसता हाका मारत राहिला. दर हाकेला ओ आली...

पण शिडीवर पाऊल वाजलं नाही.

मास्कवाले आले, उतरले. बाबांना वर आणून गाडीच्या सावलीत ठेवलं.

त्यांच्यासोबत आलेल्या कंपनीच्या डॉक्टरांनी डोळे बघितले. "उतरले तेव्हाच गेलेत हे. तासभर तरी झाला."

"काहीतरीच काय डॉक्टरसाहेब! आत्ता बोलले ते माझ्याशी!"

मामानं बाबांचे खांदे धरून गदागदा हलवले, हंबरडा फोडला... "दाजी!"

"ओ..."

खड्ड्यातून.

"येतोय रे मेहुण्या. तू खाली येऊ नकोस."

सगळ्यांनी ऐकलं. पुन्हा खाली बघायला कुणीच गेलं नाही.

मापं उत्तम आली होती. वर्षभरात शेजारी नव्या विहिरी झाल्या, त्या खड्ड्यात काँक्रीट ओतलं.

आईनं एवढंच विचारलं, "घाबरले होते का रे ते?"

"नाही ताई. माझी चेष्टा करत होते."

पुढचं त्यानं तिला कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही ती गेल्यावर.

बाबांचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. परवा एकटाच त्या काँक्रीटपाशी जाऊन बसलो. हाक अगदी ओठांवर आली होती...

मारली नाही. ओ आली असती, तर मी तिथून उठलो नसतो.