उलटा पंखा

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराला दोनच खोल्या. पुढच्या खोलीत माझ्या बायकोची, सुंदरम्माची खाट. खाटेशेजारी प्राणवायूचं यंत्र. खोलीतली हवा ओढून, गाळून ते नळीतून तिच्या नाकाला देतं. आम्ही त्याला नुसतं मशीन म्हणतो. सूतगिरणीत जन्म गेल्यानं तिच्या छातीत कापसाची धूळ बसली. आता मशीनशिवाय तिला फार वेळ निभत नाही. वीज गेली तर जवळ एक लहान सिलिंडर असतो, पण तो थोडाच वेळ पुरतो. मशीनची घरघर घरात इतकी मुरली आहे, की ती थांबली तरच ऐकू येते.

मागच्या खोलीत आमची धाकटी चंद्रिका पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. ती कंपनी कारखान्यांसाठी वीज विकत घेते. वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही, म्हणून उद्याची आजच घ्यावी लागते. किती घ्यायची आणि भाव काय असेल, ते चंद्रिका सांगते.

"उद्या एक नसतो, अप्पा," तिनं मला एकदा समजावलं होतं. "वारा पडला तर एक उद्या, ढग आले तर दुसरा. परदेशातला गॅस महागला, की गॅसवरची केंद्रं थंड पडतात आणि संध्याकाळच्या विजेचा भाव पेटतो. तो तिसरा. असे हजार उद्या मी काँप्युटरवर मांडते."

"त्यातला खरा कुठला?"

"ते कळलं असतं तर मी नोकरी केली असती होय?"

खाटेवरून सुंदरम्मा म्हणाली, "हजार उद्या मांडती आन् आजची भाकरी करपवती."

पडद्यावर ते हजार उद्या म्हणजे हजार रेघा. आजपाशी सगळ्या एकत्र, आणि पुढं हातपंख्यासारख्या पसरत गेलेल्या. दिवस जितका लांबचा, तितका पंखा रुंद. त्या रुंदीला चंद्रिका शंका म्हणते. "रेघ बघायची नाही, अप्पा. शंका किती आहे ते बघायचं."

यंदा घराला नवा मीटर बसला. त्याचा आकडा तिच्या फोनवर दिसतो. गंमत म्हणून तिनं आपल्याच घराचा पंखा मांडला. तो भिंतीएवढा रुंद आला. ती हसली. गावाची वीज सांगता येते, म्हणाली, एका घराची कुणाला सांगता येत नाही. कोण कधी मिक्सर लावेल, सिद्धरामेश्वरालाच ठाऊक.

मे महिन्यात एका दुपारी तिनं मला आत बोलावलं. हाक मारण्याचा सूर बरा नव्हता.

पडद्यावर आमच्या घराचा पंखा उलटा झाला होता. आजपाशी रुंद, आणि पुढं सरकत सरकत मिटत गेलेला. येत्या सोमवारी, उन्हं उतरायच्या सुमारास, हजार रेघांची एक रेघ झाली होती. तिथून पुढं ती एकच होती, आखल्यासारखी सपाट.

"बिघाड असेल," मी म्हणालो.

"साहेबही तेच म्हणाले. झोप घे म्हणाले."

तिनं सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. पंखा पुन्हा तसाच आला.

"ही रेघ केवढी आहे माहितीये?" तिनं बोट ठेवलं. "एकट्या मशीनएवढी. पंखा नाही, दिवा नाही, फ्रिजसुद्धा नाही. नुसतं मशीन चालू आहे. न थांबता."

सोलापुरात मे महिन्यात पंखा न लावता कोण बसेल?

बाहेरून सुंदरम्मानं सगळं ऐकलं होतं. "मशीन चालू हाय म्हंजी मी हाय," ती म्हणाली. "तुमचं तुमी बघा की."

आम्ही हसलो. पण त्या रात्री कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्रिकाला एक युक्ती सुचली. घरात आपणच शंका घालायची. ज्याचं आपल्यालाही आधी माहीत नाही, असं काहीतरी करायचं. तिनं फोडलेले चिंचोके आणले. सगळे पांढरे पडले तर मिक्सर, सगळे काळे पडले तर इस्त्री, मिसळ पडले तर घरातले सगळे दिवे. आदल्या संध्याकाळी काढलेलं घराच्या रेघांचं चित्र तिनं न बघता बंद करून ठेवलं होतं.

दान मी टाकलं. सगळे काळे. कपडा नसताना इस्त्री तापवत बसलो.

मग तिनं चित्र उघडलं. सगळ्या रेघांवर इस्त्रीचा उंचवटा होता. त्याच जागी, तेवढाच.

नवं चित्र न बघता बंद करून पुन्हा टाकलं. मिसळ पडले. दिव्यांचा उंचवटा होता. तिसऱ्या खेपेला मी दान टाकलं आणि इस्त्री लावायची असताना मुद्दाम मिक्सर लावला. रिकामं भांडं कर्कश वाजलं. चित्रात मिक्सर होता.

सुंदरम्माला हसू आवरेना. हसता हसता खोकला लागला. श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "दान तुमी टाकताय, का तुमास्नीच कुणी टाकतंय?"

चंद्रिकानं चिंचोके गोळा करून खिडकीबाहेर टाकले.

मग एकच उपाय उरला. घरच सोडायचं. माणसं नाहीत, मशीन नाही, तर रेघ कशाची उमटणार? मैंदर्गीला सुंदरम्माची बहीण निंगव्वा राहते. तिच्याकडे इन्व्हर्टर आहे. सोमवारी सकाळी जीप सांगितली. मशीन पुढच्या सीटवर बांधलं, वाटेपुरता सिलिंडर लावला. मी फ्रिज रिकामा केला आणि मेन स्विच खाली ओढला. घर एकदम मुकं झालं.

आमच्यात घर सोडताना नुसतं 'जातो' म्हणत नाहीत. सुंदरम्मा माहेरच्या कानडीत म्हणते, होगि बर्तेनि. जाऊन येते; बर्तेनि म्हणजे 'येते'. उंबऱ्यावर उभी राहून तिनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला, आत तोंड केलं आणि म्हणाली, "होगि..."

तिथंच खोकला आला. बराच वेळ आला. आम्ही दोघांनी धरून तिला जीपमध्ये बसवलं. मी कुलूप लावलं.

अक्कलकोट मागं पडल्यावर ती म्हणाली, "माझं बर्तेनि राहिलं की वो."

"आता म्हण."

"आता म्हणून काय? ते घरातच राहिलं."

निंगव्वानं माडीखालची गार खोली झाडून ठेवली होती. मशीन लावलं. सुंदरम्माला डोळा लागला. दुपार लांबत गेली. चंद्रिका फोन उपडा ठेवून बसली होती. उन्हं उतरली. अंगणातली सावली भिंतीवर चढली.

काही झालं नाही.

"टळलं बघ," मी म्हणालो. चंद्रिकानं माझा हात घट्ट धरला. निंगव्वा चहा टाकायला उठली.

तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टरनं पंखा थोडा वेळ चालवला, चार वेळा चिरकला आणि तोही बंद पडला.

चंद्रिका सिलिंडरकडे धावली. तोटीवर हात ठेवला आणि तशीच थांबली.

पंखा थांबला होता. दिवा गेला होता. मशीन चालू होतं.

मी बोर्डावरची सगळी बटणं दाबून पाहिली. एकही दिवा लागला नाही. मशीनवर हिरवा ठिपका जळत होता, आणि सुंदरम्माची छाती वरखाली होत होती.

माझा फोन वाजला. शेजारची गुरम्मा होती.

"मल्लप्पा अण्णा, सुंदरम्माला आत ठेवून कुलूप का लावलं?"

"ती इथं आहे. माझ्यासमोर."

"मग मशीन कुणासाठी चालू ठेवलंय? इथंपर्यंत घरघर येती की."

मी फोन बंद केला. चंद्रिकानं तिचा फोन उलटा केला आणि मला दाखवला. आमच्या घराचा मीटर. मेन स्विच मी स्वतः खाली ओढला होता. तरी रेघ होती. सपाट, एकट्या मशीनएवढी.

"जीप परत बोलवू का?" मी विचारलं. "जाऊन दार उघडून बघू."

"आणि दार उघडल्यावर तिथलं बंद पडलं तर?"

तिनं आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. आमच्या दोघांच्या मनात एकच गोष्ट होती: तिचा श्वास इथल्या मशीनवर, की तिथल्या? जायचंही नाही. ही नळी काढायचीही नाही. मशीन हलवायचंसुद्धा नाही.

आम्ही बसून राहिलो.

निंगव्वा चहा घेऊन आली. अंधारू लागलं, तरी वीज आली नाही.

सुंदरम्मा जागी झाली. तिनं डोळे मिटूनच नळीतून एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक. काहीतरी ओळखल्यासारखा तिचा चेहरा सैल झाला.

"घरात शेंगाचटणी कुटतंय कुणीतरी," ती म्हणाली.

मी निंगव्वाकडे पाहिलं. चहानंतर तिनं चूल पेटवलीच नव्हती.

"हितं न्हाय वो. आपल्या घरात." तिनं पुन्हा श्वास ओढला. "लसूण जास्ती घातलाय. माझ्यावानीच."