तीन शिवांचा दगड

माघातला उजेड काळ्या रानात घाईने येत नाही. आधी तो निंबाच्या शेंड्याला लागतो आणि तिथेच बराच वेळ रेंगाळतो, खाली उतरावे की नाही असा विचार करीत असल्यासारखा. मग एकेक फांदी सोडत खाली येतो. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांवर उरलेसुरले पांढरे तंतू त्याला आधी सापडतात, मग बांधावरचे दव, मग मातीच्या भेगा. भेगांच्या तळाशी अंधार आणखी थोडा वेळ तसाच राहतो. दगडांवर उजेड सगळ्यांत शेवटी येतो.

१९६२ सालच्या त्या सकाळी सावरगव्हाणच्या रानात तो तीन गावांच्या शिवा मिळतात तिथल्या दगडावर आला, तेव्हा दगडाच्या बुडाशी नखाएवढा एक तांबडा तुकडा चमकला. धर्मपाल एक पाऊल सरकला. त्याची सावली तुकड्यावर पडली.

"बाजूला व्हा जरा," मागून भगवंतराव म्हणाले. "उजेड अडवता आहात."

धर्मपाल हा अकोल्याहून आलेला सरकारी मोजणीदार. वय चोवीस, अंगाने सडपातळ, बोलण्यापेक्षा ऐकणारा. भगवंतराव त्याचे वरिष्ठ. पेन्शनीला दोन वर्षे उरलेला, पान चघळत विचार करणारा माणूस. दोघे आदल्या संध्याकाळी अकोटहून एसटीने आले होते. फरक एवढाच, की धर्मपाल याच गावचा होता.

भगवंतरावांनी वाकून तुकडा उचलला, बोटांत फिरवला आणि खिशात टाकला. धर्मपालला ते खिशात टाकणे आवडले नाही.

वाद साधा होता. दगडाच्या मावळतीला खुशालरावांचे शेत, उगवतीला मनकर्णाबाईचे चार एकर. शिवेपलीकडच्या दोन्ही गावांची जमीन तिथे पडीकच होती. त्यांना चार पावलांचे सुखदुःख नव्हते. शिवेचे बाकीचे दगड तीन वर्षांपूर्वी नाल्याच्या पुरात गेले. उरला हा एक. गेल्या माघात धर्मपालने त्याच्यापासून साखळी धरून मोजणी केली, आणि मनकर्णाबाईची विहीर खुशालरावांच्या हद्दीत निघाली. बाईने अर्ज केला: दगड हलवला आहे.

विहीर गेली, की तिला गाव सोडून अकोल्याच्या कापसाच्या जिनात मजुरीला जावे लागणार होते. निकाल आज व्हायचा होता.

"मोजणीदार सायेब," खुशालराव धर्मपालकडे पाहून हसले, "गेल्या साली तुमीच मोजलं, तुमीच खुणा ठोकल्या. आता एका बाईच्या अर्जानं दगड चालाले लागला का?"

"दगड कायले चालते?" मनकर्णाबाई बांधावरूनच म्हणाली. "चालवणारा चालते."

भगवंतरावांनी हात वर केला. "एकेकाने बोला. बाई, विहीर कुणी खोदली?"

"माह्या मालकानं. जानरावनं. एक्कावन साली. साऱ्या पट्ट्यात खारं पानी, अन् आमच्याच विहिरीले गोड लागलं. पाटील सोता चाखाले आले होते."

"कोण पाटील?"

"ह्याईचे वडील. महादेवराव." तिने खुशालरावांकडे बोट केले.

"तुमच्या विहिरीचे पाणी पाटील प्याले?"

"गोड पान्याले जात नाई राह्यत, सायेब."

भगवंतराव खुशालरावांकडे वळले. "विहीर तुमची, हे तुम्हाला कुणी सांगितले?"

"बापानं. मराच्या आधी. म्हने, दगड पाह्य, विहीर आपल्या अंगाले हाय. बाप खोटं कायले सांगन?"

"मग इतकी वर्षे गप्प का?"

खुशालरावांचे हसू मावळले. "जानराव होता तोवर बोललो नाई. आमी दोघं एका वर्गात होतो. तो गेला, मंग मोजणी मांगतली." त्यांनी जमिनीकडे पाहिले. "ते बरं नाई केलं, मले समजते. पन दगड तं दगड हाय."

"हलवला असेल तर?"

"म्या हात लावला असंन तं हे हात झडो."

धर्मपालला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटला नाही. तरी विश्वास बसला.

आणखी एक माणूस निंबाखाली बसला होता, कुणी न बोलावता आलेला. धर्मपालचे वडील, शेषराव. पंचवीस वर्षे गावचे कोतवाल होते. छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावकीचे ते काम सोडले. त्याच दिवशी मुलाने आजाचे डोमाजी हे नाव उतरवून धर्मपाल हे नाव घेतले. त्या दिवसाची लाज दोघांनाही कधी वाटली नव्हती. लाज होती ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तिच्याबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे.

"दगड उकरा," भगवंतराव म्हणाले.

"त्याने काय कळणार?" धर्मपाल पटकन म्हणाला.

"जुने लोक शिवेच्या दगडाखाली खूण पुरत, असे ऐकून आहे. तुम्ही इथलेच ना? तुम्हाला ठाऊक असेल."

धर्मपालने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

आताचा कोतवाल पुंजाराम कुदळ घेऊन पुढे झाला. माघातली काळी माती विटेसारखी घट्ट असते. इथे मात्र दुसऱ्याच घावाला कुदळ सहज आत गेली. पुंजाराम थांबला.

"सायेब, हे माती मोकयी हाय. आंधी कोनतरी उकरली. एखांदा पावसाया गेला असंन वरून, जास्त नाई."

"कुणी उकरली?"

धर्मपाल वहीत लिहीत होता. पेन्सिलीचे टोक मोडले.

"म्या पाह्यलं कोनाले तं नाई," मनकर्णाबाई सावकाश म्हणाली. "बाबू, गेल्या साली मोजणीच्या दिवशी सकायीच तू एकला इथं बसला होता. म्या विहिरीवर होती. तुले कोनी दिसलं का?"

"नाही, काकी," धर्मपाल म्हणाला. "मला कोणी दिसले नाही."

ते खरे होते.

दगड पहारीने कलता केला. खाली बाभळीचा कोळसा निघाला, ओंजळभर, काळाशार. खुशालरावांनी सुटकेचा श्वास सोडला. "झालं ना? खूण निघाली. दगड जागच्या जागी हाय."

भगवंतरावांनी कोळसा बाजूला केला. त्याच्याखाली तांबड्या तुकड्यांचा थर होता. त्यांनी खिशातला तुकडा काढून त्यांच्याशेजारी ठेवला.

"पुंजाराम, हे काय?"

"हे तं इंग्रजी कवेलू, सायेब. आपल्या शायेच्या छपराचे. दुसऱ्या कोनाच्या घरावर कुठी हायेत?"

"शाळा कधी बांधली?"

"एक्कावन साली."

"आणि हा दगड?"

"तो माह्या आज्यापासून हाय."

आजाच्या वेळच्या दगडाखाली एक्कावन सालचे कवेलू होते.

"कोळसा घालण्याची रीत तुला कुणी शिकवली?" भगवंतरावांनी पुंजारामला विचारले.

"मले? मले तं आजच मालूम पडलं. शेषरावदादानं काम सोडलं तवा म्या इचारलं, शिवेचं काई सांगा. ते म्हने, दगड दिसते ना? तेच काम."

भगवंतरावांनी निंबाकडे पाहिले नाही. ते धर्मपालकडे पाहत होते. "दगड हलला, एवढे सिद्ध झाले. पण मूळ जागा कोणती? ती सापडली नाही तर गेल्या वर्षीची मोजणी कायम राहील. आपले नियम तुम्हाला ठाऊक आहेत. आपल्या पुस्तकात नसेल ते वरच्या कार्यालयाच्या पुस्तकात पाहायचे. वरच्याने जुनी रीत बदलली असेल, तर बदललेलीच चालते. मधल्याला ओलांडून त्याच्याही वरच्याला विचारता येत नाही."

धर्मपालने वही मिटली.

घराचा नियमही तोच होता. बापाने सांगितले होते, दगड म्हणजे शीव. आजाने सांगितलेले वेगळे होते. पण ते बापाच्या आड गेले होते, आणि बाप समोर असताना आजाला हाक मारणे त्याला वर्षभर जमले नव्हते.

"माझ्या आजाला विचारतो," तो म्हणाला.

"कुठे आहेत ते?"

"सत्तेचाळीस साली वारले."

तो निंबापाशी गेला. बापाच्या अगदी जवळून, त्याच्याकडे न पाहता. खोडाला पाठ लावून उगवतीकडे तोंड करून उभा राहिला. डोमाजी कोतवाल दर माघात शीव फिरत, आणि सात वर्षांच्या नातवाचा हात धरून इथूनच निघत. 'दगड खोटं बोलन, डोमा,' ते म्हणत. 'पावलं नाई बोलत. मोज.' आजाची बेचाळीस पावले होत, त्याची चौऱ्याऐंशी.

आता त्याची पावले आजाएवढीच पडत होती. ते त्याला पंधराव्या पावलाला जाणवले. तो मोठ्याने मोजत गेला. बेचाळिसाव्याला थांबला. शिवेचा दगड अजून अठरा पावले पुढे होता. विहीर दोहोंच्या मध्ये होती.

"इथे," तो म्हणाला.

पुंजारामने पहार घातली. काही नाही. हातभर डावीकडे, काही नाही. हातभर उजवीकडे घातली, तेव्हा आत काहीतरी खापरासारखे वाजले. माती घट्ट होती, तिला कोणी हात लावला नव्हता. कमरेइतके खणल्यावर बाभळीचा कोळसा लागला आणि त्याखाली पालथे घातलेले मातीचे मडके, भेगाळलेले, पण जागच्या जागी.

मनकर्णाबाई खड्ड्याच्या काठाशी बसली. तिने आत हात घालून मडक्याला नुसता स्पर्श केला, आणि पदर तोंडाला लावला.

"आता सांगा," भगवंतराव म्हणाले. "सगळे सांगा."

धर्मपाल उभाच राहिला. नजर मात्र मडक्यावर होती.

"दगड खुशालरावांनी हलवला नाही. त्यांनी हलवला असता तर नुसता रोवला असता. कोळसा घालायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हते. मघाशी कोळसा पाहून ते निश्चिंत झाले, ते खऱ्या मनाने झाले. पुंजारामदादांनाही रीत ठाऊक नव्हती. कोळसा घालणारा कोतवालाच्या घरचा होता. ती रीत तीन माणसांपाशी होती. माझा आजा विहीर खोदण्याच्या चार वर्षे आधी वारला. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा पोर होतो, आणि बावन्नच्या पावसाळ्यापासून अमरावतीच्या वसतिगृहात."

"तिसरा?" भगवंतरावांनी विचारले. प्रश्न विचारायचाच होता म्हणून विचारला.

निंबाखालून उत्तर आले. "तिसरा मी." शेषराव उठले. हळूहळू चालत खड्ड्यापाशी आले. "बावन्न सालच्या जेठात. पाटलानं बैलजोडी देली, दगड ओढाले. मडकं घरी नवतं, शायेच्या मांगं कवेलू पडले होते. कोयसा घातला, काहून का, कोयश्याबिगर दगड रोवाले हात धजेना."

"पाटलांचे तुम्ही का ऐकले?"

शेषरावांनी मुलाकडे पाहिले. "याले अमरावतीले बोर्डिंगात जागा पाह्यजे होती. पाटलाची चिठ्ठी लागत होती. पाटील म्हने, एका हातानं दगड, एका हातानं चिठ्ठी." ते मनकर्णाबाईकडे वळले, पण त्यांना तिच्या पायांच्या वर पाहता आले नाही. "जानराव गेला तवा सांगाले आलो होतो, वहिनी. दारातून परत गेलो."

"पानी पिऊन जाचं होतं, भाऊ," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते अधिक वाईट होते.

खुशालरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "वहिनी, म्या विहिरीवरचा दावा मांगं घेतो," ते कसेबसे म्हणाले.

भगवंतरावांनी पंचनामा लिहायला घेतला. विहीर मनकर्णाबाईची, दगड मूळ जागी बसवावा. लिहिता लिहिता त्यांची लेखणी थांबली.

"एक राहिले. त्या दगडाखालची माती मोकळी होती. एका पावसाळ्याची. गेल्या वर्षी ती कुणी उकरली?"

"म्या," शेषराव चटकन म्हणाले. "म्याच उकरली, सायेब. घोर लागला होता. पाहून पुन्हा झाकलं. तेही माह्याच नावावर लिवा."

भगवंतरावांनी मान खाली घातली आणि लेखणी दौतीत बुडवली. त्यांना तेवढे पुरेसे होते. दोन वर्षांनी पेन्शनीला जाणाऱ्या माणसाला त्याहून अधिक नको होते.

उजेड आता विहिरीच्या काठावर आला होता. बाप पुन्हा एकदा मध्ये येऊन उभा राहिला होता, दहा वर्षांपूर्वी राहिला होता तसाच, मुलाच्या वाटणीचे ओझे आपल्या खांद्यावर घेऊन. धर्मपालला नुसते गप्प राहायचे होते. गप्प राहणे त्याला फार चांगले येत होते.

"थांबा, साहेब," धर्मपाल म्हणाला.

"पोरा," शेषराव पुटपुटले.

"गेल्या माघात, मोजणीच्या दिवशी सकाळी, ही माती मी उकरली होती. कवेलू मी पाहिले होते. तरी साखळी त्याच दगडापासून धरली."