न वाळणारी दमणी

"हात लावू नकोस!" अरुंधती ओरडली, पण मुकुंदचा तळवा हिरवागार झालाच!

काकासाहेबांची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, धर्मराज सुतारांनी रंगवून आठवडा झाला होता. तीर्थपुरीच्या उन्हात पापडसुद्धा बघता बघता वाळत, आणि हा रंग मात्र ओलाच!

"धर्मराजनं फसवलं मला!" काका ओट्यावरून गरजले. "देवळाच्या दारांचं काम बी आता त्याला न्हाई!"

दोघा भावंडांना हे पटेना. जालन्याहून दर सुट्टीत काकांकडे येणाऱ्या या दोघांचा धर्मराज सुतारांवर फार जीव होता. न मागता भोवरे करून देणारा माणूस फसवेल कसा?

तेवढ्यात शेजारचा मुलगा कचरू धावत आला. "काका, तुमची मोठी गाडी! आठ दिसांपूर्वी वंगण घातल्तं, तरी चाकं अडकून राह्यलीत. आसावरच्या वंगणाचा नुसता डिंक झालाय!"

"म्हणजे वाळायचं ते ओलं, आणि ओलं राहायचं ते चिकट?" अरुंधतीचे डोळे चमकले. "काका, रंगात तेल कुणी घातलं?"

"मीच! धर्मराज तेल लई उडवतो, म्हणून मीच रंग कालवून दिल्ता. उकळलेलं जवसाचं तेल, ते वाळून कडक होतं. चाकाला एरंडेल, ते कधी वाळत न्हाई."

"डबे कुठले?"

"डावा जवसाचा, उजवा एरंडेलाचा. झोपेतबी सांगतो मी!"

कोठीतले दोन्ही डबे अगदी सारखे होते. मुलांनी दोन काचांवर एकेक तेल पसरलं आणि काचा गच्चीवर उन्हात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मुकुंदनं काचा काकांपुढे धरल्या. "बोट लावा, काका. तुमचं एरंडेल कडक वाळलं, आणि जवस अजून तेलकटच!"

काकांनी डबे हुंगले आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! कोठी झाडताना मीच डबे इकडचे तिकडे केले की!"

काका पागोटं चढवून भर उन्हात निघाले. मागोमाग कचरूसह तिघं मुलंही धावली!

"धर्मराज," सुताराच्या दारात काका म्हणाले, "चूक माझी हाय. उगाच बोललो तुला. देवळाची दारं तूच रंगवायची!"

धर्मराजांनी पंच्यानं डोळे पुसले. "बराबर हाय, काकासाहेब. पन डब्यातलं तेल मी काढनार!"

"बिलकुल!" काकांनी तिघा पोरांना जवळ ओढलं. "आन् माझ्यावर ध्यान ठेवायला ही पोरं हायेत! माझ्यापेक्षा हुशार निघाली!"